काचपेटीतील रक्तबीज



नवरात्रात देवळातील कीर्तनाला तुम्ही बसत असाल, तर रक्तबीजाची कथा तुमच्या कानांवरून गेली असेलच. या असुराला असा वर होता, की त्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला, म्हणजे त्यातून त्याच्यासारखाच दुसरा असुर उभा राहावा. शस्त्रांचे घाव जसजसे पडत गेले, तसतशी असुरांची संख्या वाढतच गेली. अखेरीस चामुंडेने त्याचे रक्त भूमीवर पडण्याआधीच प्राशन केले, तेव्हा कोठे त्याचा अंत झाला.

लहानपणी ही कथा ऐकताना मला भय वाटे. पुढे कॉलेजात गेल्यावर ती निव्वळ कविकल्पना वाटू लागली. तीन वर्षांपूर्वी मात्र या कथेची आठवण करून देणारा एक जिवंत प्राणी मी प्रत्यक्ष पाहिला. तो बोटाच्या पेराहून मोठा नव्हता आणि दिसावयास तर एखाद्या फुलासारखा सुंदर होता. त्याची ओळख तुम्हांला करून द्यावी आणि त्याच्या बाबतीत माझ्या हातून जी चूक घडली तीही न लपविता सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी भाषा शिकविणारी. शास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. जे डोळ्यांनी पाहिले आणि मागाहून वाचून पडताळून घेतले, तेवढेच येथे लिहीत आहे.

स्विंडन येथील समुद्र

माझी थोरली बहीण इंग्लंडात स्विंडन या शहरी राहते. गोव्यातील पुष्कळ कुटुंबे तेथे स्थायिक झाली आहेत. या शहराला समुद्र नाही. असे असूनही, मे महिन्याच्या सुटीत मी तिच्याकडे गेले तेव्हा तिच्या बैठकीच्या खोलीत समुद्राचा एक तुकडाच नांदताना मला आढळला. माझ्या भाच्याने (तो त्या वेळी पंधरा वर्षांचा होता) चार फूट लांबीच्या, सुमारे ३०० लिटर पाणी मावणाऱ्या काचपेटीत प्रवाळांची बाग लावली होती.

गोड्या पाण्यात सोनेरी मासे पाळणे निराळे आणि प्रवाळे पाळणे निराळे. नळाच्या पाण्यातील नको असलेली द्रव्ये आधी गाळून काढावी लागतात. मग त्या शुद्ध पाण्यात समुद्रमिठाचे तयार मिश्रण घालून, दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार राहतील असे खारे पाणी बनवावे लागते. ते बारा महिने २५ अंश सेल्सियसच्या आसपास उबदार ठेवावे लागते. लाटांचे काम पंप करतात, सूर्याचे काम दिवे करतात. तळाशी सच्छिद्र खडक रचतात. त्याच्या छिद्रांतून असंख्य सूक्ष्म जंतू राहतात व पाण्यातील घाणीचे रूपांतर निरुपद्रवी द्रव्यांत करतात. म्हणून त्याला ‘जिवंत खडक’ असे म्हणतात. भाच्याची बहुतेक प्रवाळे पेटीतच वाढविलेल्या प्रवाळांच्या तुकड्यांपासून तयार झालेली होती. आपण जास्वंदीची फांदी तोडून लावतो, तसाच हा प्रकार.

या बागेत त्याचे सर्वांत लाडके होते ते मोंटिपोरा जातीचे एक केशरी प्रवाळ. बाराव्या वाढदिवसाला मिळालेल्या पैशांतून त्याने त्याचा नखाएवढा तुकडा आणला होता. आता तो पानासारखा पसरत जाऊन मोठ्या बशीएवढा झाला होता. त्याच्या शेजारच्या खडकाच्या फटीतून एक तपकिरी, काचेसारखे पारदर्शक फूल डोकावत होते. पाण्याच्या लहरींबरोबर त्याच्या बारीक पाकळ्या डोलत होत्या. मी तर पाहतच राहिले.

भाचा म्हणाला, “मावशी, ते फूल नव्हे, उपद्रवी प्राणी आहे. कालच दिसला. आज त्याला औषध घालणार आहे.”

“राहू दे रे, बाळ,” मी म्हटले, “एवढासा तो जीव! किती सुंदर डोलतो आहे पाहा. मी परत जाईपर्यंत तरी राहू दे.”

त्याने एकवार माझ्याकडे पाहिले, एकवार पेटीकडे पाहिले आणि हातातले सामान निमूटपणे ठेवून दिले. वडील माणसाचा शब्द मोडावयाचा नाही, ही शिकवण माझ्या बहिणीने त्याला दिली होती. त्या शिकवणीचा मी असा उपयोग केला.

माझा मुक्काम चार आठवड्यांचा होता. तिसऱ्या आठवड्यात त्या एका फुलाभोवती आणखी पाच इवली फुले दिसू लागली. चौथ्या आठवड्यात केशरी प्रवाळाची त्या बाजूची कड बोटभर पांढरी पडली. तेथील जिवंत मांस गळून जाऊन खालचा चुनखडी सांगाडा उघडा पडला होता. त्या रात्री आम्ही सारी निजल्यावर भाच्याने स्वयंपाकघरातील सुरी घेतली आणि ती सहाही फुले खरवडून टाकली. सकाळी पेटी स्वच्छ दिसत होती. दोन दिवसांनी मी गोव्यास परतले. जूनच्या अखेरीस त्याचा फोन आला, “मावशी, आता ते मोजता येत नाहीत.”

हा प्राणी कोण?

या प्राण्याच्या वर्गाला मराठीत समुद्रपुष्प म्हणतात. नावात पुष्प असले, तरी तो वनस्पती नव्हे. प्रवाळ, जेलीफिश आणि समुद्रपुष्प हे एकाच मोठ्या संघातील आप्त होत. समुद्रपुष्पाची शरीररचना अगदी साधी असते. एक पोकळ देठ, देठाच्या खाली खडकाला धरून ठेवणारा तळवा, वरच्या टोकास तोंड आणि तोंडाभोवती संस्पर्शकांचे, म्हणजे बोटांसारख्या अवयवांचे कडे. अन्न ज्या वाटेने आत जाते, त्याच वाटेने उष्टे बाहेर पडते. दुसरे द्वारच नाही.

संस्पर्शकांच्या त्वचेत हजारो दंशकोशिका असतात. प्रत्येक कोशिकेत एक अतिसूक्ष्म कुपी आणि कुपीत गुंडाळलेला पोकळ धागा असतो. भक्ष्याचा स्पर्श होताच, पापणी लवण्याच्या किती तरी आधी, हा धागा बाहेर फेकला जाऊन भक्ष्याच्या अंगात विष सोडतो. आपल्या बोटाला बहुधा याची जाणीवही होत नाही. परंतु शेजारच्या प्रवाळाला तेवढा दंश पुरेसा होतो.

भाच्याच्या पेटीतील जातीचे शास्त्रीय नाव ऐप्टेशिया. काचेसारख्या अंगामुळे इंग्रजीत तिला ‘काच-समुद्रपुष्प’ अशा अर्थाचे नाव आहे. मजानो नावाचे दुसरेही एक समुद्रपुष्प अशाच पेट्यांतून उपद्रव देते. ते अधिक बुटके व जाडसर असून त्याच्या संस्पर्शकांची टोके फुगीर असतात. दोन्ही जाती खडकाच्या फटीत लपून किंवा नव्या प्रवाळाच्या बुडाशी चिकटून घरात येतात. विकत आणणाऱ्याला त्यांचा पत्ताही नसतो.

ऐप्टेशियाच्या चिवटपणाची कारणे तीन आहेत. पहिले, त्याला दोन्हीकडून अन्न मिळते. त्याच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवले राहतात. ती प्रकाशाच्या साहाय्याने शर्करा बनवितात आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतात. शिवाय माशांना टाकलेल्या खाद्याचे कण व पाण्यातील सूक्ष्म जीव तो स्वतः पकडतो. म्हणून अन्न बंद करून तो उपाशी मरत नाही, आणि दिवे मालवूनही लवकर हार खात नाही. दुसरे, त्याला डिवचले की तो क्षणार्धात फटीत आक्रसून जातो आणि दंशकोशिकांनी भरलेली पांढरी सूत्रे अंगातून बाहेर सोडतो. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे असून त्यातच रक्तबीजाचे रहस्य आहे.

एकाचे अनेक कसे होतात?

ऐप्टेशिया खडकावरून किंचित सरकला किंवा त्याने अंग आखडले, की तळव्याच्या कडेचे बारीकसे कण मागे चिकटून राहतात. हे कण मृत नसतात. प्रत्येक कण आपल्यापुरता गोळा होतो, त्याला तोंड फुटते, मग संस्पर्शक फुटतात आणि काही दिवसांतच एक स्वतंत्र पिल्लू तेथे उभे राहते. ते मूळ प्राण्याची हुबेहूब प्रत असते. नर-मादी यांच्या बीजसंयोगानेही या प्राण्याची प्रजा होते. पण काचपेटीत एकाचे शंभर होतात ते मुख्यतः या तळव्याच्या कणांपासून. म्हणजे एकच प्राणी घरात आला, तरी सबंध वसाहतीस तो पुरेसा होतो.

आता भाच्याच्या सुरीने काय केले असेल, हे तुमच्या ध्यानात आले असेल. देठ तुटले, पण तळवे फटीतच राहिले. सुरीला लागून जे कण सुटले, ते पंपाच्या प्रवाहाने पेटीच्या कानाकोपऱ्यांत नेऊन टाकले. ज्याला तो निर्मूलन समजत होता, ती वास्तविक पेरणी होती.

मग काहीच न करता, तो प्राणी आपोआप म्हातारा होऊन मरेल म्हणून वाट पाहावी काय? समुद्रपुष्पांच्या बाबतीत ही आशा व्यर्थ होय. सर जॉन डॅलिएल नावाच्या स्कॉटिश निसर्ग-अभ्यासकाने १८२८ साली नॉर्थ बेरिक येथील किनाऱ्यावरून दुसऱ्या एका जातीचे समुद्रपुष्प आणून काचेच्या बरणीत ठेवले. लोक त्याला कौतुकाने ‘आजीबाई’ म्हणत. डॅलिएल वारले, बरणी एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे गेली, आणि आजीबाई १८८७ सालापर्यंत जिवंत राहिल्या. मालकांच्या पिढ्या बदलाव्यात आणि बरणीतील जीव तसाच राहावा, असा हा दीर्घायुषी वर्ग आहे.

काय करू नये

पहिली गोष्ट म्हणजे पेटीच्या आत ऐप्टेशिया खरवडू नये, चिरडू नये, ओढून काढू नये. याचे कारण वर आलेच आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. त्रासून जाऊन काही लोक खडक बाहेर काढतात आणि उकळत्या पाण्यात टाकतात. असे कदापि करू नये. अशा खडकांवर पॅलिथोआ नावाचे प्रवाळांचे आप्त वाढलेले असू शकतात व त्यांच्यापैकी काहींच्या अंगी पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. हवाई बेटांतील संशोधकांनी १९७१ साली ते वेगळे काढले. खडक उकळला, की वाफेबरोबर हे विष श्वासात जाऊ शकते. २०१८ साली इंग्लंडातील ऑक्सफर्डशर परगण्यात एका घरी प्रवाळपेटी साफ करीत असताना हे विष पसरले. घरातील माणसांना आणि त्यांच्या मदतीस धावलेल्या अग्निशामक दलाच्या जवानांनाही इस्पितळात न्यावे लागले. शत्रू लहान आहे, म्हणून उपाय करताना बेसावध राहावे असे नाही.

तिसरी गोष्ट, हाती येईल ते तीव्र रसायन पेटीत ओतू नये. पेटीतील पाणी एकच असते. शत्रूला पाजलेले विष मित्राच्याही मुखी जाते.

काय करावे

प्राणी एकच असून सुट्या लहान दगडावर बसलेला असेल, तर तो दगड प्राण्यासकट पेटीबाहेर काढून वाळवून टाकणे हा सर्वांत निर्धोक मार्ग. काही कण मागे राहण्याचा प्रश्नच उरत नाही.

दगड काढण्यासारखा नसेल, तर चुन्याचा उपाय करतात. हा चुना आपल्या परिचयाचाच आहे. विड्याच्या पानाला लावतात तो भिजलेला चुना म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पेटीसाठी मात्र त्याची शुद्ध भुकटी वापरतात. भुकटी थोड्या शुद्ध पाण्यात कालवून तिचे दाटसर पीठ करावे आणि बारीक नळीच्या पिचकारीत भरावे. पंप आधी बंद करावे, म्हणजे चुना इकडेतिकडे पसरणार नाही. पिचकारीचे टोक अगदी संथपणे प्राण्याजवळ न्यावे. धक्का लागला की तो फटीत शिरेल आणि सारा खटाटोप फुकट जाईल. टोक तोंडापाशी आले, की चुना तोंडात व तोंडावर सोडून प्राणी पुरता झाकून टाकावा. सुमारे अर्धा तास पाणी स्थिर ठेवून मग उरलेला चुना नळीने ओढून घ्यावा आणि पंप सुरू करावे.

याचे कारण असे, की चुन्याची संपृक्त निवळी फार तीव्र अल्कली असते. तिचा पी. एच. १२ च्या वर जातो, तर समुद्राच्या पाण्याचा ८ च्या थोडा वर असतो. या तीव्रतेने प्राण्याचे मांस जागच्या जागी जळते. ते फाटून त्याचे कण उडत नाहीत. परंतु हीच तीव्रता पाण्यात पसरली, तर मासे व प्रवाळे यांनाही बाधते. म्हणून एका दिवशी थोड्याच प्राण्यांवर हा प्रयोग करावा आणि मध्ये विसावा द्यावा. चुना डोळ्यांना व कातडीला घातक आहे. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हवेत, आणि हे काम मोठ्या माणसानेच करावे. भाच्याच्या घरी ते माझ्या मेव्हण्यांनी केले. काही लोक याच रीतीने उकळते पाणी किंवा लिंबाचा रस सोडतात. लहान प्राण्यांवर त्याचा गुण येतो, पण मोठे प्राणी पुष्कळदा पुन्हा उभारी धरतात.

चुन्याने समोर दिसणारे मरतात. खडकाच्या पाठीमागे, काळोखात असलेले राहतात. तेथे पिचकारी पोचत नाही. तेथे पोचणारे सैनिक निसर्गानेच दिले आहेत. पेपरमिंट कोळंबी (आपण कोकणीत हिच्या भाऊबंदांना सुंगटां म्हणतो) रात्री बाहेर पडून लहान ऐप्टेशिया खाते. मात्र तिला आयते खाद्य भरपूर मिळू लागले, की ती या कष्टाच्या अन्नाकडे ढुंकूनही पाहत नाही. शिवाय तिच्यासारखीच दिसणारी उंट-कोळंबी ही खुद्द प्रवाळांच्या अंगाला तोंड लावते. म्हणून ओळख पटल्यावाचून आणणे धोक्याचे. लांब चोचीचा कॉपरबँड नावाचा फुलपाखरू-मासाही ऐप्टेशिया टिपतो, पण तो नाजूक प्रकृतीचा आहे. लहान पेटीत आणून त्याचे हाल करू नयेत.

यांपैकी सर्वांत नवलाचा सैनिक म्हणजे बर्गिया नावाची कवच नसलेली इवलीशी सागरी गोगलगाय. ती दोन-तीन सेंटिमीटर लांब असते व ऐप्टेशियावाचून दुसरे काही खात नाही. ती त्याची मांसपेशी तर पचवितेच, पण त्याच्या न फुटलेल्या दंशकोशिका आपल्या पाठीवरील केसांसारख्या शेंड्यांत साठवून ठेवते आणि स्वतःच्या रक्षणासाठी वापरते. शत्रूची शस्त्रे हिरावून ती आपल्या भात्यात भरणारा असा योद्धा पुराणांतही विरळाच! भूमीवर थेंब पडू न देता रक्त प्राशन करणाऱ्या चामुंडेची आठवण मला येथे पुन्हा झाली.

भाच्याने बर्गियाची सहा पिल्ले आणली. ती रात्री हिंडतात, दिवसा दिसत नाहीत. पहिले कित्येक आठवडे पेटीत काहीच फरक पडला नाही. “पैसे पाण्यात गेले,” असे मेव्हणे म्हणाले, आणि ते शब्दशः खरेही होते. मग काचेवर पांढऱ्या धाग्याच्या वळ्यांसारखी अंडी दिसली. आणखी महिन्याभरात खडकाचा मागचा भाग मोकळा होऊ लागला. कोळंबी व काही मासे बर्गियाला खाऊन टाकतात. म्हणून हे दोन सैनिक एकाच वेळी एका पेटीत सोडू नयेत. तिचे दुसरे दुःख असे, की शत्रू संपला म्हणजे तिचे अन्नही संपते. म्हणून जाणते लोक काम झाल्यावर तिला उपाशी मरू न देता, ज्यांच्या पेटीत हा उपद्रव आहे अशांकडे पोचवितात. भाच्यानेही तसेच केले.

मूळ कारण

हे सारे उपाय झाले तरी एक प्रश्न उरतो. ऐप्टेशिया इतका माजला कसा? भाच्याने शोध घेतला, तेव्हा त्याला कळले की माशांना खाद्य गरजेहून फार अधिक पडत होते. उरलेले अन्न या प्राण्यांना मिळत होते. माशांना खाऊ घालण्याचा आनंद घरातील प्रत्येक जण स्वतंत्रपणे लुटत होता. त्यात पाहुणी मावशीही होती. आता खाद्य मोजून पडते. दुसरा नियम असा केला आहे, की नवे प्रवाळ किंवा नवा दगड आला, की त्याला काही आठवडे निराळ्या लहान पेटीत ठेवावयाचे, बहिर्गोल भिंग घेऊन त्याची फट अन् फट तपासावयाची, आणि मगच घरात घ्यावयाचे. एक दिसला, तर त्याच दिवशी उपाय करावयाचा. कोणाच्याही, मावशीच्याही, आग्रहाखातर तो उद्यावर टाकावयाचा नाही.

शत्रूची दुसरी बाजू

येथवर मी या प्राण्याला शत्रू, असुर अशी नावे ठेवली. परंतु ती नावे काचपेटीपुरतीच खरी आहेत. समुद्रात ऐप्टेशियाला खाणारे आहेत, त्याच्याशी जागेसाठी झगडणारे आहेत, लाटा आहेत. तेथे तो मर्यादेत राहतो. त्याला खाणारे सर्व बाहेर ठेवून त्याला उबदार पाणी, प्रकाश आणि अन्न यांची मेजवानी आपण दिली, आणि तो वाढला म्हणून दोषही त्यालाच दिला!

इतकेच नव्हे, तर आज हाच प्राणी प्रवाळांच्या कामी येत आहे. समुद्राचे पाणी काही काळ नेहमीपेक्षा अधिक तापले, की प्रवाळे आपल्या पेशींतील शैवले गमावून पांढरी पडतात. ही स्थिती टिकली, तर ती उपासमारीने मरतात. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी आपल्या लक्षद्वीपातील प्रवाळांवर हा प्रसंग आला. २०२३ साली सुरू झालेल्या लाटेत तर जगातील कित्येक समुद्रांतील प्रवाळे सापडली. शैवल आणि यजमान यांची मैत्री कशी जमते व उष्णतेने ती का मोडते, हे समजून घेणे म्हणूनच निकडीचे झाले आहे. प्रवाळे सावकाश वाढतात आणि प्रयोगशाळेत लवकर दगावतात. ऐप्टेशिया मात्र भराभर वाढतो, शैवलांवाचूनही अन्न देऊन जगविता येतो, आणि एकाच प्राण्यापासून हजारो एकसारखे प्राणी मिळत असल्याने प्रयोगांची तुलना नेमकी करता येते. यासाठी अनेक देशांतील शास्त्रज्ञ त्याला मुद्दाम पाळतात. २०१५ साली त्याच्या सर्व आनुवंशिक घटकांचा आराखडाही प्रसिद्ध झाला. ज्या गुणांमुळे तो भाच्याच्या पेटीत उपद्रवी ठरला, त्याच गुणांमुळे तो प्रयोगशाळेत उपयोगी ठरला.

आपल्या किनाऱ्याविषयी थोडेसे

हा लेख वाचून तुमच्यापैकी एखाद्याला वाटेल, की आपणही किनाऱ्यावरून समुद्रपुष्पे आणून बरणीत ठेवावी. त्याला एक जुनी हकीकत सांगते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली सार्वजनिक मत्स्यालय उघडले. फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाने १८५४ साली समुद्रजीव घरी पाळण्याविषयी पुस्तक लिहिले. ते इतके लोकप्रिय झाले, की हजारो हौशी माणसे इंग्लंडच्या किनाऱ्यांवर लोटली आणि खडकांतील डबकी ओरबाडून घेऊ लागली. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत, वडिलांच्या उत्साहाचेच असे फळ निघाले, म्हणून खेद व्यक्त केला आहे. ज्यांनी ती सृष्टी लोकांना दाखविली, त्यांच्याच वाचकांनी ती विस्कटली.

आपल्याकडे १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला. समुद्रातील प्रवाळ तोडणे वा बाळगणे हा तेव्हापासून गंभीर गुन्हा आहे. पण पाहण्यास कोणाची मनाई नाही. हणजूण किंवा वागातोर येथील खडकांवर ओहोटीच्या वेळी, जिला आपण घरी सुकती म्हणतो, वडील माणसांबरोबर जा. डबक्याशी उकिडवे बसा, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि थोडा वेळ स्वस्थ राहा. आधी काही दिसणार नाही. मग एखादी फट हळूच उमलेल. तेथे ते समुद्रपुष्प कोणाचे वैरी नाही. त्याला हात न लावता, वहीत त्याचे चित्र काढून परत या.

आता भाच्याच्या केशरी प्रवाळाचे काय झाले, ते सांगून लेख पुरा करते. बशीएवढ्या त्या प्रवाळाचा बहुतेक भाग मेला. जी एक कड जिवंत राहिली होती, तिचा नखाएवढा तुकडा त्याने कापून नव्या दगडावर चिकटविला. मी फोनवर त्याची क्षमा मागितली, तेव्हा तो म्हणाला, “मावशी, तू फक्त थांब म्हणालीस. सुरी तर मीच चालवली.” गेल्या महिन्यात त्याने छायाचित्र पाठविले आहे. तो तुकडा आता रुपयाच्या नाण्याहून बराच मोठा झाला आहे. त्याच्या कडेला वाढीची फिकट रेघ स्पष्ट दिसते, आणि शेजारची फट मी भिंग घेऊन दोनदा तपासली. ती रिकामी आहे.